बर्फातल्या माणसाची साक्ष

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहिताना घातले आहे.)



कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, तुम्ही काहीतरी वाचलेले सांगा. आम्ही काही प्राध्यापक नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे रात्रशाळेत दोन वर्षे धडपडलो, आणि मग पाळ्या सुरू झाल्या. गिरणीत कापसाच्या खात्यात आयुष्य गेले. जे काही कळले ते वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात कळले. तेव्हा चूकभूल पोटात घाला. आज आम्ही तुम्हाला एका मेलेल्या माणसाविषयी सांगणार आहोत. तो मेला त्याला पाच हजार वर्षांहून जास्त काळ लोटला, पण अजून त्याची तपासणी संपलेली नाही.

१९९१ सालचा सप्टेंबर महिना. युरोपात आल्प्स नावाचे बर्फाचे डोंगर आहेत, ऑस्ट्रिया आणि इटली या दोन देशांच्या मध्ये. तिथे १९ सप्टेंबरला एक जर्मन नवरा-बायको डोंगर चढून परत येत होते. उंची समुद्रसपाटीपासून ३,२१० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वितळलेल्या बर्फात त्यांना माणसाची पाठ आणि डोके दिसले. त्यांना वाटले, कोणी गिर्यारोहक अपघाताने गेला असेल. त्यांनी खाली येऊन खबर दिली. पोलीस आले, पंचनाम्यासारखाच प्रकार. मुडदा बर्फातून सुटेना म्हणून हवेच्या दाबावर चालणारे ड्रिल लावले, तर ते त्याच्या मांडीच्या वरच्या बाजूला घुसले. जवळच एक लांब काठी होती. ती त्याच्या धनुष्याची निघाली, आणि तीही मोडली. अडाण्याने केले असते तर लोक हसले असते. हे तर शिकल्या-सवरल्यांनी केले.

चार दिवसांनी प्रेत इन्सब्रुक गावी नेले. तिथे विद्यापीठातले पुरातत्त्वाचे प्राध्यापक कोनराड श्पिंडलर यांनी त्याच्याजवळची कुऱ्हाड पाहिली आणि सांगितले, हा कमीत कमी चार हजार वर्षांपूर्वीचा माणूस आहे. लक्षात घ्या, माणसाकडे पाहून नाही, त्याच्या हत्याराकडे पाहून सांगितले. आमच्या खात्यातही नवा माणूस आला की जुने कामगार त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या हाताकडे बघत.

पुढे कार्बनची तपासणी झाली. ती अशी, की जिवंत झाड, जनावर, माणूस हे सगळे हवेतला आणि अन्नातला कार्बन अंगात घेत असतात. त्यात कार्बन-१४ नावाचा एक प्रकार थोडासा असतो आणि तो आपोआप क्षीण होत जातो. जीव गेला की नवा येणे बंद, जुना मात्र कमी होत राहतो. सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. किती उरला ते मोजले की मरण केव्हा आले ते कळते. हिशेब निघाला सुमारे ५,३०० वर्षे. म्हणजे आपण भगवान बुद्धांचा काळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा धरतो, त्याच्याही मागे आणखी पावणेतीन हजार वर्षे. इजिप्तचा मोठा पिरॅमिड तेव्हा बांधला नव्हता. हडप्पा-मोहेंजोदडोची मोठी शहरेही अजून उभी राहायची होती. ज्या खोऱ्याच्या वर तो सापडला त्या ओत्झ खोऱ्यावरून एका वार्ताहराने त्याला ओत्झी नाव ठेवले, तेच रूढ झाले.

मग दोन देशांत वाद, माणूस कोणाचा? मोजणीदार गेले, टेप लावला, तर जागा सरहद्दीपासून ९२.५६ मीटर इटलीच्या आत निघाली. तो जिवंत असताना ना इटली होती ना ऑस्ट्रिया, पण सातबारा काही सुटला नाही. १९९८ पासून तो इटलीतल्या बोल्झानो शहरातल्या वस्तुसंग्रहालयात आहे. उणे ६ अंश थंडीत ठेवलेला आहे. वरून निर्जंतुक पाणी फवारतात, त्याचा बर्फाचा पातळ थर अंगावर चढतो. एका लहान खिडकीतून लोक त्याला बघतात.

आता तुम्ही म्हणाल, इजिप्तमध्ये राजांची प्रेते हजारो वर्षे टिकली आहेत, मग याचे एवढे कौतुक कशाला? फरक आहे. राजाचे प्रेत टिकावे म्हणून माणसे राबली, खर्च केला, आतडी-काळीज काढून वेगळे ठेवले, मसाले लावले. म्हणजे राजाने आपल्याविषयी जे सांगायचे ठरवले तेच आपल्यापर्यंत आले. ओत्झीला कोणी तयार केले नाही. तो मेला तसाच राहिला, अंगावरच्या कपड्यांसकट, पोटातल्या जेवणासकट. खडकात आणि थडग्यात हाडे मिळतात, मडकी मिळतात. पण चामडे, गवत, दोरा, झाडाची साल, पोटातला घास हे कुजून जाते. माणसाचे रोजचे जगणे तर त्यातच असते!

आपल्याकडेही फार जुनी माणसे सापडली आहेत. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांमागची शेतकऱ्यांची वस्ती होती ती. मेलेले लहान मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीतच पुरलेले. मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापाशी तोडलेले. हे सगळे हाडांवरून कळले. पण त्यांच्या अंगावर काय होते, कातडी कशी होती, हे आपल्या उन्हात आणि पावसात टिकत नाही.

आता या ओत्झीच्या अंगावर काय काय निघाले ते सांगतो. इथे आम्ही जरा रमणार आहोत, अध्यक्षांनी घड्याळ पाहू नये.

अंगरखा शेळी-मेंढीच्या कातड्याच्या पट्ट्या जोडून केलेला. जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने नीट शिवलेला, पण काही जागी उसवला तिथे गवताच्या दोऱ्याने कसाबसा टाका घातलेला. म्हणजे शिवणारे हात वेगळे आणि दुरुस्ती करणारे वेगळे. घरापासून लांब असताना त्याने स्वतःच तो टाका घातला असावा असे आम्हाला वाटते. पाळीवर सदरा फाटला की आम्हीही सुतानेच टाका घालायचो, आणि घरी गेल्यावर बोलणी खायचो. पायमोजे म्हणजे शेळीच्या कातड्याच्या नळ्या. टोपी अस्वलाच्या कातडीची. बुटात आतून झाडाच्या सालीच्या दोऱ्याची जाळी आणि त्यात गवत कोंबलेले, थंडी लागू नये म्हणून. बुटाची नाडी गाईबैलाच्या कातड्याची. बाणांचा भाता हरणाच्या कातड्याचा. २०१६ साली या कातड्यांचा डीएनए तपासला तेव्हा कोणते कातडे कोणत्या जनावराचे हे पक्के झाले. पाळीव जनावरही आहे आणि रानटीही आहे. त्याला माहीत होते, कोणत्या कामाला कोणते चामडे टिकते. चामड्याचे काम ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हे ज्ञान ज्यांच्या हाती होते त्यांना गावाबाहेर ठेवले. तिकडे ते आज काचेत ठेवून जग पाहते आहे.

सामान पाहा. तांब्याची कुऱ्हाड, पाते साडेनऊ सेंटिमीटर, दांडा यू नावाच्या झाडाचा, सुमारे ६० सेंटिमीटर. गारगोटीची सुरी, तिला सालीच्या दोरीचे विणलेले म्यान. गारगोटीला धार लावण्यासाठी लाकडात बसवलेले शिंगाचे टोक, दिसायला जाड पेन्सिलीसारखे. बर्च झाडाच्या सालीचे दोन डबे. त्यातल्या एकात मेपल झाडाच्या हिरव्या पानांत गुंडाळलेले निखारे नेले होते, म्हणजे आगपेटीच ती. धनुष्य माणसापेक्षा उंच, १.८२ मीटर, पण अजून तासून पुरे झालेले नाही. भात्यात १४ बाण, त्यातले फक्त दोन तयार. बाकीचे अर्धवट. मग हा माणूस अर्धवट हत्यारे घेऊन एवढ्या उंचावर का चढत होता? हा प्रश्न ध्यानात ठेवा.

कुऱ्हाडीचे तांबे जवळचे असेल असे आधी धरले होते. २०१७ मध्ये तपासले तर ते दक्षिण तस्कनीतले निघाले, शेकडो किलोमीटर दूरचे. म्हणजे देवाणघेवाण होती, माल हातोहात जात होता. काहीजण म्हणतात, तांब्याची कुऱ्हाड होती म्हणजे हा सरदार असला पाहिजे. असेलही. पण त्याचे शरीर पाहिले तर सरदारकी फारशी दिसत नाही, असे आम्हाला वाटते.

शरीर म्हणजे कसे? उंची सुमारे १६० सेंटिमीटर, जिवंतपणी वजन ५० किलोच्या आसपास, वय सुमारे ४५. आता वाळून जेमतेम १३-१४ किलो उरला आहे. गुडघे, कंबर झिजलेली. दात झिजलेले आणि किडलेले. दगडावर दळलेल्या धान्यात दगडाची पूड येते, ती चावून चावून दात घासले जातात. ज्यांनी जात्याचे पीठ खाल्ले आहे त्यांना कचकच माहीत आहे. पोटात जंतांची अंडी. हाताच्या नखावर आडव्या रेघा, त्यावरून मरणाआधीच्या काही महिन्यांत तो तीनदा आजारी पडला होता असे काढले आहे. रक्तवाहिन्यांत चुना साठलेला, म्हणजे हृदयविकाराची सुरुवात. आम्ही तर समजत होतो की हा रोग खुर्चीवर बसणाऱ्यांचा! फुप्फुसे धुराने काळी पडलेली. उघड्या चुलीचा धूर. या फुप्फुसांकडे आम्ही नंतर येणार आहोत.

अंगावर गोंदण आहे. मोजत मोजत २०१५ साली आकडा ६१ वर गेला. चित्रे नाहीत, फुले नाहीत, फक्त रेघा आणि फुल्या, कोळशाच्या काजळीने केलेल्या. बऱ्याचशा कंबरेवर, गुडघ्याजवळ, घोट्याजवळ, म्हणजे जिथे सांधे झिजले आहेत तिथेच. काही कपड्याखाली झाकलेल्या, त्यामुळे मिरवण्यासाठी नव्हेत. दुखण्यावर उपाय म्हणून गोंदले असावे असे पुष्कळ जाणकार मानतात. आमच्या आजीच्या हातावर गोंदण होते. आम्ही ते नेहमी नटणे म्हणूनच पाहिले, तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

पोटाची गोष्ट तर फारच नवलाची. कितीतरी वर्षे तज्ज्ञांना त्याचे जठरच सापडत नव्हते. ते सरकून बरगड्यांखाली गेले होते. २००९ साली जुन्या छायाचित्रांची पुन्हा तपासणी करताना ते दिसले, आणि भरलेले होते! २०१८ मध्ये त्यातले जेवण जाहीर झाले. डोंगरी बोकडाचे मांस आणि चरबी, हरणाचे मांस, एकदल गहू म्हणजे गव्हाचा फार जुना प्रकार, आणि नेच्याची पाने. त्या जेवणात चरबी भरपूर. थंडीत डोंगर चढणाऱ्याला काय खावे ते कळत होते. आतड्यातल्या निरनिराळ्या भागांत झाडांचे परागकण मिळाले. कोणता पराग कोणत्या भागात आहे यावरून त्याने शेवटच्या दीड-दोन दिवसांत कुठे-कुठे पाणी प्याले, काय खाल्ले याची वाट काढली. तो आधी वर होता, मग खाली दरीत उतरला, आणि पुन्हा वर चढला. पराग उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या झाडाचे होते, म्हणजे त्याच दिवसांत तो मेला.

जठरात एक जंतूही सापडला, ज्याने अल्सर होतो तो. २०१६ साली त्याची जात तपासली. आज युरोपातल्या लोकांच्या पोटात जी मिसळलेली जात आहे ती ही नव्हे. आज मध्य आणि दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला, जी आढळते तिच्याशी त्याचे नाते निघाले. पुढे आफ्रिकेकडून आलेली माणसे युरोपात गेली आणि जंतूही मिसळले. माणसे कुठून कुठे गेली हे पोथीत लिहिलेले नसले तरी पोटात लिहिलेले असते.

आता रंगाविषयी. संग्रहालयात त्याचा पुतळा केला आहे, गोरा, लांब केसांचा, दाढीवाला. २०२३ मध्ये त्याच्या डीएनएची नव्याने, जास्त बारकाईने तपासणी झाली. तेव्हा निघाले की कातडी चांगली सावळी होती आणि डोक्यावर टक्कल पडत चालले होते. त्याचे पूर्वज बहुतांशी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेले शेतकरी होते. २०१२ साली पहिल्यांदा डीएनए वाचला तेव्हा पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचे रक्तही त्यात दिसले होते. नव्या तपासणीत कळले की ते त्याचे नव्हतेच. आजच्या माणसांचा डीएनए नमुन्यात मिसळला होता. बघा, हाताळणाऱ्याचा अंश हाताळलेल्यात शिरला आणि तोच त्याचा वंश म्हणून सांगितला गेला! पण ज्यांनी चूक केली त्यांच्याच मंडळींनी ती शोधून छापली, हेही सांगितले पाहिजे. त्याचा मुडदा समोर काळपट पडलेला होता. लोक म्हणत होते, बर्फाने काळा पडला असेल. काळा होता म्हणून काळा आहे, हे कोणाच्या मनातच आले नाही.

आता मरणाची गोष्ट. दहा वर्षे सगळे सांगत होते की हा बिचारा थंडीने गारठून किंवा थकून मेला. काहीजण म्हणाले, डोंगरावरून पडला. २००१ साली बोल्झानोच्या रुग्णालयातले एक्स-रेचे डॉक्टर पॉल गोस्टनर यांनी त्याच्या डाव्या खांद्यात एक सावली पाहिली. गारगोटीच्या बाणाचे टोक! पाठीमागून घुसलेले. पुढे कळले की त्याने मोठी रक्तवाहिनी फाडली होती, म्हणजे रक्तस्रावाने थोड्याच वेळात तो गेला असेल. उजव्या हाताला अंगठ्याजवळ खोल जखम होती, ती काही दिवस आधीची, भरत आलेली. म्हणजे आधी झटापट झाली, हात कापला, मग तो निघाला. नवे धनुष्य तासत होता, बाण तयार करत होता, आणि कोणीतरी त्याला गाठले. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच. म्युनिकच्या पोलीस खात्यातले अलेक्झांडर हॉर्न यांनी या खुनाचा तपास आजच्या गुन्ह्यासारखा केला. त्यांचे म्हणणे, लांबून, बेसावध असताना मारले. कुऱ्हाड तिथेच राहिली, म्हणजे चोरी नव्हे, वैर असावे. मारणारा कोण ते आता कळणार नाही.

२०२२ मध्ये आणखी एक फेरतपासणी झाली. आधी म्हणत होते की तो एका खळग्यात मेला आणि लगेच बर्फाखाली गाडला गेला म्हणून टिकला. नव्या अभ्यासकांनी सांगितले, तसे नाही. तो बर्फावरच मेला आणि पुढे कधीतरी बर्फ वितळल्यावर त्या खळग्यात गेला, नंतरही तिथले बर्फ अधूनमधून वितळत होते. त्यावरून असे निघते की अशी आणखी माणसेही सापडू शकतात. जगात उष्णता वाढते आहे, बर्फ मागे हटते आहे.

हे सगळे आम्ही का सांगतो? थांबा. आता फुप्फुसांकडे येतो.

आमच्या खात्यात एक जोडीदार होता. कार्डिंगमध्ये बावीस वर्षे काढली. कार्डिंगमध्ये कापूस पिंजताना बारीक तूस उडते, ते दिव्याच्या उजेडात तरंगताना दिसते. सुटीनंतर सोमवारी पाळीवर आला की त्याची छाती भरून यायची. मंगळवारी जरा बरे, बुधवारी आणखी बरे. आम्ही चेष्टेने त्याला सोमवारचा ताप म्हणायचो. आम्हाला काय माहीत की त्या रोगाची खूणच ती आहे. त्याला बायसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीने होतो, आणि कायद्याच्या यादीत तो धंद्याचा रोग म्हणून लिहिलेला आहे. दवाखान्यात एक्स-रे काढला, म्हणाले, काही नाही, विडी सोड. तो विडी ओढतच नव्हता! एक्स-रेमध्ये या रोगाची खास खूण दिसत नाही, हे आम्हाला पुष्कळ उशिरा, पुस्तकातून कळले. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकून श्वास मोजावा लागतो, आणि कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले ते विचारावे लागते. ते कोणी केले नाही. तो गेला. त्याच्या बायकोने भरपाईचा अर्ज केला तेव्हा शेरा आला, धुळीशी संबंध सिद्ध होत नाही. आम्ही तिच्याबरोबर चार वेळा गेलो. तो कोणत्या वर्षी कोणत्या खात्यात होता याचा एक कागद आमच्यापाशी नव्हता. त्याचे दहन झालेले होते.

पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या फुप्फुसात चुलीचा धूर होता हे जग छातीठोकपणे सांगते, कारण त्याला पुन्हा पुन्हा तपासायची कोणाला तरी गरज वाटली. दहा वर्षे चुकले, तरी अकराव्या वर्षी कोणीतरी परत फोटो बघितला. आमच्या जोडीदाराचा फोटो परत कोणी बघितला नाही. आम्ही हे रागाने सांगत नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

म्हणून आम्ही कार्यकारिणीच्या परवानगीने विहाराच्या वाचनालयात एक वही ठेवली आहे. लाल पुठ्ठ्याची, कपाटात वरच्या खणात. ज्यांनी गिरणीत, मागावर, जिनिंगमध्ये, दगडाच्या खाणीत किंवा सफाईच्या कामात वर्षे काढली त्यांनी आपले नाव, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, काय हाताळले, आणि काय दुखते ते लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पुढे बसलेली ही दहावीची मुले रविवारी सकाळी दहा ते बारा बसतील. जुने हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, एक्स-रे घरात असेल तर टाकू नका, घेऊन या, आम्ही झेरॉक्स काढून परत देऊ. श्वास मोजायचे यंत्र असलेल्या एका डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. आतापर्यंत सतरा नावे लिहून झाली आहेत. बायकांची त्यात दोनच आहेत, आणि त्रासन खात्यात तर निम्म्या बायका होत्या. तेवढे या रविवारी बघा.